‘चौथा क्रमांक’ कुठल्या नाण्यात मोजला?



मे 2025 मध्ये नीती आयोगाच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी भारताने अर्थव्यवस्थेच्या आकारात जपानला मागे टाकून चौथा क्रमांक गाठल्याचे सांगितले आणि आमच्या व्हॉट्सॲप गटांवर अभिनंदनाचा पूर आला. आधार होता आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा एप्रिलचा अंदाज: भारत 4,187 अब्ज डॉलर, जपान 4,186 अब्ज. ऑक्टोबरच्या अंदाजात जपान पुन्हा पुढे गेला. त्याचे फटाके ना कुणी फोडले, ना सुतक कुणी पाळले. सहा महिन्यांत दोन्ही देशांच्या कारखान्यांत आणि शेतांत एवढी उलथापालथ झाली होती का? नाही. हलले त्यात डॉलरचे दरही होते.

जपानचेच पाहा. 2012 मध्ये एका डॉलरला साधारण 80 येन पडत. 2024 मध्ये 150 च्या आसपास. त्यामुळे डॉलरमध्ये जपानचे उत्पन्न 6,200 अब्जांवरून 4,000 अब्जांवर आलेले दिसते. येनमध्ये मात्र ते सुमारे 500 लाख कोटींवरून 600 लाख कोटींच्या वर गेले. शर्यतीतला गडी पुढेच चालला होता, लांबली ती मोजपट्टी.

हे मराठवाड्याला तरी समजावून सांगायला नको. निजामाच्या राज्यात हाली सिक्का होता आणि शेजारी इंग्रजी मुलखात कलदार. सात हाली म्हणजे साधारण सहा कलदार. सोलापुरात माल विकून उदगीरला परतणाऱ्या व्यापाऱ्याला आकडा सांगून भागत नसे. हाली की कलदार, हे आधी ठरवावे लागे. आज आपण तेवढेही विचारत नाही. खरेदीशक्तीच्या हिशेबाने तर भारत जपानच्या पुढे जाऊन दशकाहून अधिक काळ लोटला. मग आनंद नेमका कुठल्या वर्षी करायचा?

दुसरी गोष्ट भावाची. ऑगस्ट 2021 च्या सुरुवातीला लातूरच्या आडत बाजारात सोयाबीनने क्विंटलला दहा हजारांचा टप्पा ओलांडला होता. 2024 च्या हंगामात बाजारभाव 4,892 रुपयांच्या हमीभावाच्याही खाली राहिला. दोन्ही भावांनी दहा-दहा क्विंटल विकून पाहा: माल तेवढाच, रक्कम निम्म्याहून कमी. देशाच्या उत्पन्नातही भाव आणि माल असे वेगळे करूनच वर्षांची तुलना करावी लागते. स्थिर किमतींचे आकडे त्यासाठीच असतात. बातमीत ते क्वचितच दिसतात.

तिसरी गोष्ट डोक्यांची. जपानची लोकसंख्या सुमारे साडेबारा कोटी, म्हणजे जवळपास एकट्या महाराष्ट्राएवढी. महाराष्ट्राचे 2024-25 चे सकल उत्पन्न सुमारे 45 लाख कोटी रुपये, म्हणजे 530 अब्ज डॉलरच्या आसपास. जपानचे त्याच्या सात-आठपट. दरडोई पाहिले तर जपानी माणसाचे उत्पन्न भारतीयाच्या सुमारे बारापट. चीनशी तुलना याहून झोंबणारी आहे. 1990 मध्ये दरडोई उत्पन्नात आपण चीनच्या किंचित पुढे होतो. आज चीन आपल्या जवळपास पाचपट आहे.

असे लिहिले की देशाच्या प्रगतीवर पाणी फिरवतो, असा आरोप होतो. देश वाढतो आहे, वेगाने वाढतो आहे, हे मला मान्यच आहे. पण क्रमांकाच्या जोरावर कुणी नांदेडच्या तरुणाला ‘आता बघ, आपण चौथे’ म्हणत असेल, तर राज्याच्या आर्थिक पाहणीतले जिल्हानिहाय दरडोई उत्पन्नही त्याच्यापुढे ठेवावे. लातूर आणि नांदेड, दोन्ही जिल्हे तिथे राज्याच्या सरासरीखाली आहेत. नोकरीसाठी पुण्याची गाडी तो पकडतो, ती याच आकड्यामुळे.

म्हणून संपादकांना एक विनंती. अशी बातमी छापताना शेजारी छोटा तक्ता द्या: डॉलरमधले उत्पन्न, स्थिर किमतींतली वाढ आणि दरडोई उत्पन्न. राज्याची पाहणी आली की त्यात आमच्या दोन जिल्ह्यांची ओळही घाला. मग अभिनंदन करायचे की जाब विचारायचा, ते वाचक ठरवतील.

— एक निवृत्त बँक कर्मचारी, औसा रोड, लातूर