स्पीकर दबका वाजतोय?

हौसेने होम थिएटर घेतले, पण सिनेमातले संवादच कळत नाहीत, ही तक्रार पुष्कळ घरांत असते. लगेच नवा सेट घेण्याची घाई नको. आधी मागच्या लाल-काळ्या तारा पाहाव्यात. जोडीतल्या एकाच स्पीकरच्या तारा उलट लागल्या असतील, तर खर्ज जवळजवळ नाहीसाच होतो.

तारा ठीक असूनही आवाज कोंदट असेल आणि वॉरंटी संपली असेल, तर स्पीकर उघडायला हरकत नाही. स्वस्त स्पीकरमध्ये बारीक आवाजाच्या ट्वीटरला बहुधा एकच इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतो. काही वर्षांनी तो आतून वाळतो आणि स, श, च ही अक्षरे बोथट होतात. त्याच्या जागी तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, १०० व्होल्टचा पॉलिप्रॉपिलीन कपॅसिटर सोल्डर करून घ्यावा. हा आकाराने बराच मोठा असतो, तेव्हा जागा आधी बघावी. जास्त मायक्रोफॅरडचा घातला की आवाज सुधारतो, ही समजूत चुकीची. त्याने नको तो जाड आवाज शिरून ट्वीटरच जळू शकतो.

खोके घुमत असेल तर उशीत भरतात तो पॉलिएस्टरचा कापूस आतल्या भिंतींना लावावा, हवेचे भोक मात्र मोकळे ठेवावे.

ज्याला स्वतःचा विजेचा प्लग आहे, असा स्पीकर घरी उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यात वीज साठलेली राहते.