विश्लेषण : बोर्ड ‘इको-फ्रेंडली’, मग कडेची पट्टी कोणती?

मॉड्युलर किचन किंवा वॉर्डरोबचं कोटेशन हाती आलं, की बोर्डाची माहिती ठळक अक्षरांत असते. ‘ई-झिरो’, ‘ग्रीन’, ‘बगॅस बोर्ड’, ‘एचडीएचएमआर’. खाली बारीक अक्षरांत एकच ओळ असते : ‘एज बँड – मॅचिंग’. ही पट्टी कशाची, किती जाडीची, कोणत्या गोंदाने आणि किती कडांना लावणार, हे बहुतेक ग्राहक विचारत नाहीत. बोर्डासाठी मोजलेले जादा पैसे वसूल होणार की नाही, हे मात्र बऱ्याच अंशी याच ओळीवर ठरतं.

विषय आताच का?

युरोपीय महासंघाने २०२३ मध्ये केलेल्या नियमानुसार ६ ऑगस्ट २०२६ पासून फर्निचर आणि लाकूड-आधारित वस्तूंमधून बाहेर पडणाऱ्या फॉर्माल्डिहाइडची मर्यादा दर घनमीटर हवेत ०.०६२ मिलिग्रॅम आहे. आजवर चांगला मानला गेलेला ‘ई-१’ दर्जा ०.१२४ मिलिग्रॅमचा. म्हणजे मर्यादा थेट निम्म्यावर आली. युरोपला फर्निचर पाठवणाऱ्या भारतीय उत्पादकांनाही ती पाळावी लागते.

भारतात ‘वुड बेस्ड बोर्ड्स (क्वालिटी कंट्रोल) ऑर्डर, २०२४’मुळे २०२५ मध्ये एमडीएफ आणि पार्टिकल बोर्डावर आयएसआय चिन्ह बंधनकारक झालं. पण हा आदेश बोर्डापुरता आहे. कडेची पट्टी त्यात येत नाही.

‘ई-झिरो’बद्दलही सावध राहावं. युरोपच्या मूळ मानकात ई-१ आणि ई-२ असे दोनच वर्ग होते. कोटेशनवर ‘ई-झिरो’ लिहिलं असेल, तर आकडा आणि चाचणी अहवाल मागणं हाच मार्ग.

कड एवढी महत्त्वाची का?

पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ निलगिरी, पॉप्लर, सुबाभूळ अशा लागवडीच्या लाकडापासून बनतात. काही ठिकाणी साखर कारखान्यांतल्या उसाच्या चिपाडापासूनही. जंगल तोडावं लागत नाही, हा त्यांचा मोठा गुण. मात्र भुसा किंवा तंतू एकत्र धरून ठेवायला बहुधा यूरिया-फॉर्माल्डिहाइड रेझिन वापरतात. फॉर्माल्डिहाइडला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं.

बोर्डाच्या दोन्ही बाजूंना लॅमिनेटचा थर असतो. कापलेली कड मात्र उघडी राहते. वायू तिथूनच जास्त वेगाने बाहेर येतो आणि पाणीही तिथूनच आत शिरतं. सिंकखालच्या कपाटाचा तळ पावपावासारखा फुगतो, तो सहसा वरून नव्हे, कडेने भिजलेला असतो. कोकण आणि मुंबईच्या पावसाळ्यात त्याला गळतीही लागत नाही, हवेतला दमटपणा पुरतो.

खरी गडबड इथेच होते. अनेक ठिकाणी पट्टी फक्त दिसणाऱ्या कडांना लावली जाते. कपाटाची मागची कड, भिंतीकडची कड, सिंकच्या पाइपसाठी पाडलेलं भोक तसंच सोडलं जातं. ई-झिरो बोर्ड घेऊन अर्ध्या कडा उघड्या ठेवण्यापेक्षा ई-१ बोर्ड घेऊन सगळ्या कडा बंद करणं अनेक घरांसाठी अधिक शहाणपणाचं ठरेल.

पीव्हीसी, एबीएस की पीपी?

बाजारात सर्वाधिक चालते ती पीव्हीसीची पट्टी. स्वस्त, शेकडो रंगांत मिळणारी, मिस्त्रींच्या हाताला सवयीची. पण शुद्ध पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून जास्त क्लोरीन असतो. शिवाय तो उष्णतेत टिकावा म्हणून स्टॅबिलायझर घालतात. त्यात पूर्वी शिशाची संयुगं सर्रास असत. युरोपने पीव्हीसीतल्या शिशावर नोव्हेंबर २०२४ पासून ०.१ टक्क्याची मर्यादा घातली. भारतात २०२१ चे नियम आहेत, पण ते पाइप आणि फिटिंगसाठी. नवी मुंबईत तुर्भ्याला दुकान असलेल्या आयकियाने तर केबल वगळता आपल्या उत्पादनांतून पीव्हीसी १९९० च्या दशकातच काढायला घेतलं.

एबीएसमध्ये क्लोरीन नाही आणि ते उष्णतेला जास्त टिकतं. पीव्हीसी साधारण ७५-८० अंशांना मऊ पडू लागतं, एबीएस ९० च्या पुढे. गॅसच्या शेगडीलगतच्या दारांसाठी हा फरक जाणवण्याजोगा आहे. एक अडचण मात्र आहे : गोंद पुसायला मिस्त्री थिनर वापरतात आणि एबीएस थिनरला हळवं. चकाकी जाते, डाग पडतो. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन पुनर्वापराला सोपं, पण त्याला गोंद सहजी धरत नाही. मागे प्रायमर लावलेली पट्टी आणि मशीन लागतं. साइटवर हाताने चिकटवायचं काम असेल तर पीपीच्या नादी न लागलेलं बरं.

एवढ्याशा प्लास्टिकने काय फरक पडतो?

हिशेब करून पाहता येतो. २.४ मीटर उंच, ०.६ मीटर रुंद, १८ मिमी जाडीच्या एमडीएफच्या दाराचं वजन साधारण १९ किलो. त्याच्या चारही कडांना मिळून ६ मीटर पट्टी लागते. २२ मिमी रुंद, ०.८ मिमी जाड पीव्हीसी धरलं तर सुमारे दीडशे ग्रॅम. म्हणजे एक टक्काही नाही.

प्रश्न दाराचं आयुष्य संपल्यावर येतो. सुताराच्या कामावरचे तुकडे आणि मोडकं फर्निचर आपल्याकडे कचरा डेपोत जातंच असं नाही. ते बंबात, चुलीत, थंडीतल्या शेकोटीत जातं. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, उघड्यावर जाळल्यास डायऑक्सिनही तयार होतात. एबीएसचा धूरही विषारीच असतो. बोर्डातलं रेझिनही निर्धोक नाही. त्यामुळे एबीएस लावलं म्हणून तुकडे बंबात घालायला परवानगी मिळत नाही. फरक दिसतो तो नियंत्रित भट्टीत किंवा पुनर्वापरात, आणि तशी सोय आपल्या बहुतेक गावांत अजून नाही.

म्हणून एक मत नोंदवायला हरकत नाही : भारतात आज पट्टी निवडताना ‘कोणतं प्लास्टिक’ यापेक्षा ‘किती वर्षं टिकेल’ हा पर्यावरणाचा मोठा प्रश्न आहे. तीन वर्षांत फुगून फेकलेला हिरवा बोर्ड हिरवा राहत नाही.

टिकण्यासाठी काय पाहायचं?

पहिला मुद्दा गोंदाचा. कारखान्यातल्या मशीनवर सहसा ईव्हीए हॉटमेल्ट असतो. तो गरम करून लावला जातो आणि पुन्हा तापला की सैल होतो. पीयूआर गोंद ओलावा शोषून पक्का होतो, पुन्हा वितळत नाही आणि पाण्याला दाद देत नाही. तो महाग असल्याने सगळ्या घरासाठी नको असेल, तर निदान सिंक, शेगडी आणि बाथरूमच्या व्हॅनिटीसाठी मागावा.

जाडीचं साधं गणित : आतल्या फळ्यांना ०.८ मिमी, सतत हात आणि धक्के लागणाऱ्या दारांना व ड्रॉवरला १ ते २ मिमी. ०.४ मिमीची पट्टी कोपऱ्यावर लवकर सुटते.

दुकानदार ‘एबीएसच आहे’ म्हणाला तर जाळून बघू नये. ग्लासभर पाण्यात विरघळेनासं होईपर्यंत मीठ घालावं आणि पट्टीचा तुकडा बुडवून सोडावा. एबीएस वर येतं, पीव्हीसी तळाशी राहतं. साध्या पाण्यातच तरंगला तर बहुधा पीपी. पट्टीत खडूसारखी भर जास्त असेल तर अंदाज चुकू शकतो, पण पीव्हीसी मिठाच्या पाण्यात तरंगणार नाही.

कोटेशनवर सही करण्याआधी त्या बारीक ओळीच्या जागी चार गोष्टी लिहून घ्याव्यात : प्लास्टिकचा प्रकार, जाडी, गोंद आणि ‘सर्व कडा, लपलेल्यांसह’. शेवटच्या तीन शब्दांवर मिस्त्री थोडी कुरकुर करण्याची शक्यता आहे.