अडलेली अक्कलदाढ

परतूरकडची एक आई आपल्या १९ वर्षांच्या मुलीला घेऊन दवाखान्यात आली. मुलीचा उजवा गाल सुजलेला होता, ओढणी तिथेच दाबून धरलेली. तोंड उघड म्हटलं तर जेमतेम दोन बोटं उघडत होतं. आईच सांगत होती, "सहा महिन्यांत ही तिसरी वेळ, डॉक्टर. मेडिकलवरून गोळ्या आणतो, तीन दिवसांत सूज उतरते, की पुन्हा महिन्या-दीड महिन्यानं तेच." मग आवाज खाली आणून म्हणाली, "लग्न ठरलंय हिचं. दाढ काढली तर गाल बसतो म्हणे. आणि नजरही जाते. आमच्या नणंदेनं सांगितलं, काही झालं तरी काढू नका."

ती दाढ म्हणजे अक्कलदाढ. आपल्यापैकी बहुतेक घरांत कोणा ना कोणाला तिनं रडवलेलं असतं, म्हणून या महिन्यात तिच्याबद्दलच बोलू.

नावापासून सुरुवात करू. फारसीत तिला 'दंदान-ए-अक्ल' म्हणतात, अरबीत 'दिर्स-उल-अक्ल', लॅटिनमध्येही अर्थ तोच. वेगवेगळ्या लोकांना एकच नाव सुचलं, कारण ही दाढ येते तेव्हा माणूस शहाणा व्हायच्या वयात असतो, साधारण १७ ते २५. इब्न सीनानं 'अल-कानून'मध्ये नोंदवून ठेवलं आहे की काहींना या शेवटच्या दाढा येतच नाहीत आणि त्यांचे दात २८ वरच थांबतात. इब्न सीनाचा मृत्यू १०३७ सालचा. म्हणजे हजार वर्षांपूर्वीही हेच दिसत होतं. त्यामुळे तुमच्या मुलाला अक्कलदाढ आली नाही तर काळजी करू नका. अकलेचा आणि दाढेचा संबंध नावापुरताच.

आता ती अडते कशी? दाढेचा कोंब जबड्याच्या हाडात सात ते दहा वर्षांच्या वयातच धरायला लागतो. वर यायला तिला आणखी दहा वर्षं लागतात. तोवर पुढच्या सगळ्या दाढांनी आपापली जागा घेतलेली असते. बसमध्ये शेवटी चढलेल्या माणसासारखी तिची गत होते. जबडा लांब असेल तर ती सरळ बसते. जागा कमी असेल तर पुढच्या दाढेला टेकून तिरकी राहते, कधी हाडात चक्क आडवी झोपते, कधी अर्धी बाहेर आणि अर्धी हिरडीखाली राहते. बाळंतपणात बाळ अडतं तशीच ही अडलेली दाढ. जबड्याची ठेवण आई-वडिलांकडून येते. मऊ अन्न खाऊन जबडे लहान राहतात, असंही अनेक अभ्यासक मानतात.

पूर्ण हाडात गाडलेली दाढ पुष्कळदा आयुष्यभर गप्प बसते. त्रास देते ती अर्धवट वर आलेली, आणि बहुधा खालच्या जबड्यातली. तिच्यावर हिरडीचा एक पदर झाकणासारखा राहतो. त्याखाली भाकरीचा कण अडकतो, ब्रश पोचत नाही, जंतू वाढतात. मग हिरडी सुजते, पू होतो, वरची दाढ त्या सुजलेल्या हिरडीवर चावते, गिळताना दुखतं, कानात ठणका लागतो, तोंड उघडेनासं होतं. परतूरच्या मुलीला हेच झालं होतं. गोळ्यांनी सूज उतरते, कारण जंतू तात्पुरते कमी होतात. झाकण आणि त्याखालचा खड्डा मात्र तसाच राहतो. त्या आईनं सहा महिन्यांत तीनदा अँटिबायोटिक दिलं होतं, कोणत्याही डॉक्टरला न दाखवता, आणि दर वेळी गोळी वेगळी. या सवयीचा मला राग येतो, पण सगळा दोष आईला देता येत नाही. गावात मेडिकल उघडं असतं, आणि दातांचा डॉक्टर तालुक्याला.

दुखणं फसवं असतं हेही सांगायला हवं. अक्कलदाढ दुखते आणि माणूस बोट ठेवतो पुढच्या दाढेवर, नाहीतर कानावर. कुर्तुब्याचे हकीम अबुल कासिम अल-जहरावी यांनी 'किताब अत-तसरीफ'च्या तिसाव्या भागात, जो सगळा शस्त्रक्रियेवर आहे, दात काढणाऱ्यांना ताकीदच दिली आहे: आधी नक्की कोणता दात दुखतो ते शोधा, रोगी वेदनेनं फसतो, चांगला दात काढून घेतो आणि दुखणं तसंच राहतं. आज त्यासाठी आपल्याकडे एक्स-रे आहे. पूर्ण जबड्याचा जो लांब एक्स-रे निघतो त्याला ओपीजी म्हणतात. दाढ काढायचा विषय निघाला तर तो काढलाच पाहिजे, त्यात पैसे वाचवू नका. खालच्या जबड्यातून एक नस जाते, ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी. अक्कलदाढेची मुळं कधीकधी तिला अगदी चिकटून असतात. काढताना तिला धक्का लागला तर खालचा ओठ बधिर राहू शकतो. बहुतेकांचा बधिरपणा काही आठवड्यांत-महिन्यांत जातो, क्वचित कोणाचा राहतो. डॉक्टर हे आधी सांगत नसतील तर तुम्ही विचारा.

मग प्रत्येक अडलेली दाढ काढायचीच का? नाही. ब्रिटनमध्ये २००० सालापासून सरकारी आरोग्यसेवेला सूचनाच आहे की त्रास न देणारी निरोगी अक्कलदाढ केवळ 'पुढे दुखेल' म्हणून काढू नये. हिरडी एकदाच थोडी सुजली आणि साफ केल्यावर बरी झाली तर थांबता येतं. पुन्हा पुन्हा सुजत असेल, पुढची चांगली दाढ तिच्यामुळे किडत असेल, पू होत असेल, एक्स-रेत तिच्याभोवती पाण्याची पिशवी दिसत असेल, तर मात्र काढावी. आणि काढायची असेल तर विशी-पंचविशीत काढलेली बरी. तेव्हा हाड लवचीक असतं, मुळं पूर्ण वाढलेली नसतात, जखम लवकर भरते. चाळिशीनंतर तेच काम अवघड होतं, त्यात मधुमेह असला तर आणखी.

आता नणंदेच्या दोन गोष्टी. नजर जात नाही. दिसण्याची नस डोळ्याच्या मागून थेट मेंदूत जाते, दातांची नस वेगळी. दातांच्या नसेची एक फांदी डोळ्याभोवतीच्या कातडीला जाते, म्हणून ठणका डोळ्यापर्यंत जाणवतो, एवढंच. गालही बसत नाही. म्हाताऱ्या माणसांचे गाल बसलेले दिसतात ते बरेच दात गेल्यामुळे आणि हाड झिजल्यामुळे. सगळ्यात मागची एक दाढ काढल्यानं चेहऱ्यात काही फरक पडत नाही. चार-सहा दिवस सूज असते, म्हणून मी त्या आईला सांगितलं की लग्नाच्या आठवड्यात नको, निदान महिनाभर आधी उरका. लग्न ठरलेल्या मुलींबाबत हे मी मुद्दाम सांगतो. हाच त्रास गरोदरपणात उपटला तर एक्स-रे, गोळ्या, सगळ्याचाच विचार करून पावलं टाकावी लागतात. उपचार तेव्हाही होतात, मधले तीन महिने त्यासाठी बरे, पण आधी उरकलेलं सोपं.

रमजानमध्ये विचारतात, रोजा आहे, काय करू? ठरवून काढायची दाढ ईदनंतर काढा. साफसफाई इफ्तारनंतर करून घेता येते, आणि दुखण्याची गोळी रिकाम्या पोटी घेऊ नये हेही लक्षात ठेवा. रोज्याचा मसला तुमच्या आलिमांना विचारा. आजाऱ्याला रोजा पुढे ढकलण्याची सवलत आहे हे तर आपल्याला ठाऊकच आहे. पण सूज गालावरून हनुवटीखाली, गळ्याकडे उतरायला लागली, ताप आला, थुंकी गिळता येईना, जीभ वर उचलल्यासारखी वाटू लागली, श्वासाला जड वाटलं, तर रात्र असो, सण असो, त्याच घटकेला मोठ्या रुग्णालयात न्या. ही सूज श्वासाची वाट बंद करू शकते आणि दाढेनं जीव जातो तो असा. त्या वेळी लवंगेचं तेल, शेक, गोळी काही करत बसू नका. गालाला बाहेरून गरम शेक तर कधीच नको.

घरी काय करता येईल? कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या दिवसातून चार-पाच वेळा, आणि लहान डोक्याच्या मऊ ब्रशनं अगदी मागपर्यंत सफाई. मिस्वाक करत असाल तर जरूर करा, पण त्या कोपऱ्यात तो नीट फिरत नाही, तिथं ब्रशच लागतो. गोळी ठेचून हिरडीवर ठेवू नका, हिरडी भाजते.

दाढ काढल्यावरचे नियम थोडे आहेत, पण लोक नेमके तेच मोडतात. कापसाचा बोळा अर्धा-पाऊण तास दाबून धरायचा. पहिले २४ तास थुंकायचं नाही, गुळणी नाही, स्ट्रॉनं काही ओढायचं नाही, कारण जखमेतली रक्ताची गाठ हेच तिचं झाकण. ती निघाली तर दोन-तीन दिवसांनी असा ठणका लागतो की दाढ होती ते बरं वाटावं. बिडी-सिगारेटनं हा धोका वाढतो. थंड दूध, खिचडी, निवलेली खीर चालेल.

परतूरच्या मुलीची आधी सूज उतरवली. ओपीजीत मुळं नसेच्या अगदी जवळ दिसली, म्हणून मी स्वतः हात न लावता औरंगाबादला, घाटीच्या आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात पाठवलं. जालन्याहून साठेक किलोमीटर, तिकडे तज्ज्ञ आहेत आणि खर्चही झेपतो. आठवड्यानं टाके काढायला दोघी माझ्याकडेच आल्या. ओठ थोडा बधिर होता, पण महिनाभरात तोही पूर्ववत झाला.

त्याच दिवशी मी आईला म्हटलं, तुम्हीही तोंड उघडा पाहू. आपली स्वतःची तीन बोटं उभी तोंडात मावायला हवीत. रात्रपाळीला झोप येऊ नये म्हणून पुडी खाणारी स्टील कारखान्यांतली पोरं माझ्याकडे येतात, त्यांची मावत नाहीत. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पुडी मात्र मिळतेच. सुपारीनं गालाच्या आतलं कातडं ताठ होत जातं, तिखट सोसत नाही, तोंड आवळत जातं, आणि पुढे त्यातूनच कर्करोग होऊ शकतो. अशा तोंडातून अडलेली दाढ काढायची तर हत्यार घालायलाच जागा नसते. पुरुषांचं आपण बोलतो. घरातल्या पानदानाकडे कोणाचं लक्ष जात नाही. आई हसली, ओढणी सावरली आणि बोटं घालून पाहिली. दोनच गेली. आतून गाल पांढुरके आणि ताठ लागत होते. किती वर्षं सुपारी? "लग्न झाल्यापासून," ती म्हणाली.

मुलीचे टाके काढून झाले होते. मी नवा केसपेपर काढला आणि आईचं नाव लिहिलं.