सगळं काढा, पुन्हा घाला!

२०११ चा 'स्कायरिम' हा संगणकी खेळ मॉडांची ठिगळं लावून कोसळला, की सल्ला ठरलेला : "सगळं काढा, पुन्हा घाला!" अहो, खतावणीत सात रुपयांचा फरक आला म्हणून कोणी बँक पाडून नवी बांधतं का? मॉड १२८ असतील तर निम्मे बंद करा, नवा डाव मांडून पाहा. तरी कोसळला तर चोर उरलेल्यांत, नाही तर काढलेल्यांत. एकटाच असेल तर सात फेऱ्यांत सापडतो. (एकमेकांवर विसंबलेले मॉड मात्र जोडीनंच हलवावेत.) २०२१ च्या नोव्हेंबरात खेळाची आवृत्ती बदलली नि स्क्रिप्ट एक्स्टेंडरवरचे कित्येक मॉड ठप्प झाले. ते शंभरदा पुन्हा घालून काय होणार होतं? आवृत्त्याच जुळत नव्हत्या! पण सल्लागार म्हणणार, "एवढा वेळ कोणाला आहे?" आणि रात्रभर डाउनलोड करत बसणार.