पंगत कर्जाची, पुण्य कोणाचे?

माउली, आपल्याला एक प्रश्न सरळ विचारतो. गेल्या वर्षभरात आपण ज्या पंगतींना बसलात, त्यांतल्या किती पंगती उसनवारीच्या होत्या? पानात बुंदी पडली, मठ्ठा आला, आग्रह झाला, आपण तृप्त होऊन हात धुतले. त्या बुंदीची साखर दुकानातून कोणाच्या खात्यावर आली, आचाऱ्याचे पैसे कोणत्या कर्जातून गेले, हे आपण विचारले नाही. विचारणे बरे दिसत नाही, असे आपल्याला वाटते. आणि न विचारता जेवणे बरे दिसते काय?

आपल्या बाभुळगाव तालुक्यातले गणित सगळ्यांना ठाऊक आहे. कापूस, सोयाबीन आणि तूर यांवर घर चालते. पैसा हाती येतो तो दिवाळीपासून होळीपर्यंत. बारसे, साक्षगंध, लग्न, मावंदे आणि तेरवी मात्र बारा महिने. म्हणून पीककर्जाची रक्कम खात्यात जमा होते आणि बियाण्याच्या दुकानात जाण्याऐवजी मंडपवाल्याकडे जाते. बायको बचत गटातून पैसे उचलते आणि पुढे आठवड्याच्या आठवड्याला हप्ता भरते. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, अशी गत होते. हे सारे कशासाठी, तर आपल्यासारखे चारशे जण एक वेळ जेवून नावे ठेवणार नाहीत यासाठी.

कोणी म्हणेल, महाराज, शेतकरी पंगतीने बुडत नाही. तो भावाने बुडतो, पावसाने बुडतो, बोंडअळीने बुडतो. अगदी खरे. १९ मार्च १९८६ रोजी आपल्याच जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी कुटुंबासह जीवन संपवले. भजनाची गोडी असलेला तो माणूस कोणाच्या पंगतीपायी गेला नाही, शेतीने मेटाकुटीला आणला म्हणून गेला. त्यांच्या आठवणीत २०१७ पासून दर १९ मार्चला अनेक लोक एक दिवस अन्नत्याग करतात. शेतकऱ्याच्या कर्जाचे खापर त्याच्या पाहुणचारावर फोडणारे शहाणे आहेत, त्यांत मला बसायचे नाही. पण भाव आपल्या हाती नाही, पाऊस आपल्या हाती नाही. जेवण आपल्या हाती आहे. जे ओझे आपणच एकमेकांच्या डोक्यावर ठेवले, ते तरी आपण उतरवू की नाही?

दुसरा म्हणेल, अन्नदान हे श्रेष्ठ दान. मीही तेच म्हणतो. पण अन्नदान म्हणजे आपल्या ताटातले काढून दुसऱ्याला देणे. सावकाराच्या ताटातले काढून दिले, तर त्याचे पुण्य सावकाराला जायला हवे आणि यजमानाच्या वाट्याला नुसते व्याज उरते. शिवाय ते दान पोचते कोणाला? भरल्या पोटाच्या सोयऱ्यांना. ज्याला खरी भूक आहे तो मंडपाच्या बाहेर उष्ट्या पत्रावळींपाशी उभा असतो.

आपल्या संप्रदायाने पाहुणचार शिकवला तो असा नाही. महाभारतात श्रीकृष्ण शिष्टाईला हस्तिनापुरात गेले तेव्हा दुर्योधनाने जेवणाचा थाट मांडला होता. देवाने तो नाकारला. दुसऱ्याचे अन्न खावे ते प्रेमापोटी किंवा संकटात सापडल्यावर. इथे तुझे प्रेम नाही आणि माझ्यावर संकटही नाही, अशा अर्थाचे उत्तर देऊन ते विदुराघरी गेले. विदुराच्या कण्या आपण कीर्तनात हजारदा ऐकल्या. पण या कथेत थोरवी फक्त विदुराची नाही, पाहुण्याचीही आहे. देव असा पाहुणा होता की विदुराला कण्यांची लाज वाटू नये. आपण तसे पाहुणे आहोत का? आपल्याला कण्या वाढायला कोणी धजेल का? धजणार नसेल, तर आपल्या गळ्यातल्या माळेने विचार करायला हवा.

आणि काला? सप्ताहाचा शेवट ज्या काल्याने होतो तो काय आहे? यमुनेकाठी गोपाळांनी आपापल्या घरची शिदोरी सोडली. कोणाची शिळी भाकर, कोणाचे लोणचे, कोणाचे दही. देवाने सगळे एकत्र कालवले आणि सगळ्यांना वाटले. तिथे एक यजमान आणि बाकी सगळे पाहुणे, असा भेद नव्हता. लहान-मोठी शिदोरी ओळखूही येऊ नये, म्हणूनच तर कालवायचे. आपण वर्षानुवर्षे काल्याचा प्रसाद घेतो आणि घरी कार्य निघाले की मात्र सगळा खर्च एकट्या घरावर टाकून पंगतीत बसतो.

फार लांब कशाला जाता, गाडगेबाबांकडे पाहा. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे बाबा म्हणजे आपल्याच मातीचे. त्यांच्या वडिलांचा संसार दारूने नेला, मामाची शेती सावकाराने नेली. हे डोळ्यांनी पाहिलेला तो माणूस. मुलीच्या बारशाला दारू आणि मटण देण्याची तेव्हा रीत होती. बाबांनी ती मोडली आणि शाकाहारी जेवण वाढले. सोयरे चिडतील याची त्यांनी फिकीर केली नाही. पुढे १९५६ साली देह ठेवीपर्यंत ते गावोगाव हेच सांगत फिरले, की कर्ज काढून सण आणि लग्न करू नका. आपण त्यांचा फोटो लावतो. आणि आज आपल्याच मंडपाच्या मागे पोरांची ‘बसायची’ सोय असते. तिचा खर्चही त्याच उसन्या पैशातून होतो.

तेरवीबद्दल बोलल्यावाचून राहवत नाही. घरात माणूस जातो त्या दिवशी त्या घरची चूल पेटत नाही. शेजारी आणि सोयरे पिठले-भाकर घेऊन येतात आणि रडणाऱ्यांना दोन घास खायला लावतात. त्याला आपण कडू घास म्हणतो. किती सुंदर रीत आहे! मग तेराव्या दिवशी असे काय होते, की तेच गाव त्याच घरी गोड जेवायला येते? बारा दिवसांत त्या घराचे दुःख सरले, की दवाखान्याचे बिल फिटले? पहिल्या दिवशी आपण माणसे होतो, तर तेराव्या दिवशी कोण झालो?

आता घरातलेच एक दुखणे. साधेपणावर दोन तास निरूपण करणाऱ्या महाराजांसाठी आतल्या खोलीत वेगळे ताट, वेगळी भाजी, तुपाची वाटी. यजमान ते श्रद्धेने करतो, हे मान्य. पण आम्ही कीर्तनकारांनी ते ताट उचलून पंगतीत आणून बसावे. तोवर आमच्या शब्दाला वजन येणार नाही.

मग पाहुण्यांना बोलावूच नये का? बोलवा, जरूर बोलवा. आप्त भेटले नाहीत तर संसार कशाला करायचा? फक्त हिशेबाने बोलवा. पन्नास माणसांच्या पोटभर जेवणाला काय लागते ते पाहा. पाच किलो तांदूळ, तीन किलो तुरीची डाळ, सहा किलो वांगी आणि तीन किलो आलू, आठ किलो ज्वारीचे पीठ, मठ्ठ्यासाठी चार लिटर दही, आणि गोड म्हणून गुळाची लापशी. डाळ आणि ज्वारी घरची असेल तर विकत काय आणायचे राहिले? आल्यागेल्याला गूळ-पाणी, उन्हाळ्यात पन्हे. पाण्याला माठ आणि जेवायला पळसाच्या पत्रावळी. अनेक गावांत सप्ताहाच्या भाकरी घरोघरहून येतात. तशाच दहा घरांनी दहा-दहा भाकरी आणल्या तर यजमानीण चुलीपाशी न अडकता माणसांत येऊन बसेल. या जेवणात उणे काय आहे? वर्धेकाठच्या कौंडण्यपुराहून, रुक्मिणीमातेच्या माहेराहून, पंढरीला जाणारी पालखी शेकडो वर्षे अशाच गावोगावच्या भाकरीवर चालत आली. तिथे कोणी तीन प्रकारचे गोड मागत नाही.

पण हे सुरू कोणी करायचे, यावर सगळे अडते. गरिबाने साधे जेवण दिले तर लोक म्हणतात, याची ऐपत नाही. मोठ्या घराने दिले तर म्हणतात, यांनी पायंडा पाडला. म्हणून पहिले पाऊल वाड्यातून पडले पाहिजे, झोपडीतून नव्हे. ज्यांची ऐपत आहे, ज्यांच्या गळ्यात माळ आहे, ज्यांचा शब्द गावात चालतो, त्यांनी आपल्या घरचे पुढचे कार्य वरण-भात, भाकर आणि वांग्याच्या भाजीवर करावे. भजनी मंडळाने बसून ठरवावे, की तेरवीला गोड खाणार नाही, आणि अडलेल्या घरी शिध्यावाचून रिकाम्या हाताने जाणार नाही. हा निर्णय यजमानाने घ्यायचा नाही, तो बिचारा घेऊच शकत नाही. तो जेवणाऱ्याने घ्यायचा आहे.

लोक काय म्हणतील, या धाकाने घरे कर्जात जातात. माउली, ते लोक म्हणजे आपणच. आपण म्हणायचे थांबलो की धाक संपला. पुढच्या वेळी कोणाच्या अंगणात झुणका-भाकर पानात पडेल, तेव्हा दोन घास अधिक मागून घ्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणा, की आज पोट भरले. त्या घराला यापेक्षा मोठा आहेर नाही.

रामकृष्ण हरी.