गणपतीपुळ्यात जागांची दलाली : पहिली पाटी कोणाची?

गणपतीपुळे : स्वयंभू गणेशाच्या दर्शनाला आलेला पर्यटक परतताना 'इथे जागा मिळेल का' असे विचारू लागला आणि गणपतीपुळे, मालगुंड, नेवरे परिसरातील तरुणांना दलालीचा नवा मार्ग दिसला. पूर्वी हा धंदा ओळखीपाळखीवर चाले. महारेराने 10 जानेवारी 2023 च्या आदेशाने एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. प्रमाणपत्र न मिळवणाऱ्या सुमारे 20 हजार एजंटांची नोंदणी 2024 मध्ये स्थगितही झाली. परीक्षा उत्तीर्ण होता येते. काम कोणाच्या हाताखाली शिकायचे, हा प्रश्न मात्र उरतोच.

मुंबई-पुण्याच्या कंपन्यांचे आकर्षण स्वाभाविक आहे. गुळगुळीत माहितीपत्रके, शनिवार-रविवारी गाडीतून येणारे ग्राहक, 'सी व्ह्यू' प्लॉटच्या योजना. परंतु 500 चौरस मीटरहून मोठ्या जमिनीवरील प्लॉटच्या प्रकल्पाला रेरा नोंदणी आवश्यक असते आणि नोंदणी नसलेल्या अशा प्रकल्पात मध्यस्थी करण्यास कलम 10 एजंटाला मनाई करते. भंग झाल्यास दररोज 10 हजार रुपये, कमाल किमतीच्या 5 टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. माहितीपत्रकातील खोट्या आश्वासनाचा जाब ग्राहक प्रथम गावातल्या पोराला विचारतो, कंपनीच्या संचालकाला नव्हे.

खरी मेख सातबाऱ्यात आहे. शेतजमिनीच्या साध्या खरेदी-विक्रीला रेराची नोंदणी लागत नाही, त्यामुळे दारावरच्या नोंदणी क्रमांकावरून दलालाला कागद वाचता येतात की नाही, हे कळत नाही. कोकणात एकाच सातबाऱ्यावर पंधरा-वीस नावे आढळणे नवे नाही. त्यातील निम्मे चाकरमानी मुंबईत, एखादी बहीण हक्क न सोडता सासरी गेलेली, इतर हक्कांत जुन्या कुळाची नोंद. जागेला वाट आहे ती शेजाऱ्याच्या कलमांतून. समुद्राजवळ सीआरझेडची रेषा कुठून जाते, हे नकाशा पाहिल्याखेरीज सांगता येत नाही. शिवाय शेतकरी नसलेल्याला परवानगीविना शेतजमीन घेता येत नाही. हे टोकन स्वीकारल्यावर सांगणारे दलालही कमी नाहीत. जो जुना जाणता दलाल नवख्याला तलाठी कार्यालयात सोबत नेतो, फेरफार काढून वाचायला लावतो, त्याचे छोटे कार्यालय शहरातील वातानुकूलित दालनापेक्षा अधिक शिकवते.

अर्थात स्थानिक दलालांकडे सारे आलबेल नाही. दलालीची वाटणी तेथे बहुधा तोंडी ठरते आणि व्यवहार झाला की विसरली जाते. ग्राहक कोणी आणला, खरेदीखत झाल्यावर किती दिवसांत पैसे मिळणार, व्यवहार फिसकटला तर टोकन कोण परत करणार, हे रुजू होण्यापूर्वीच लेखी घ्यावे. पगाराचाही विचार व्हावा. सर्व वारसांच्या सह्या जमवण्यात महिने जातात, पावसाळ्यात मोजणी रेंगाळते. केवळ दलालीवर बसलेल्या नवख्याचे तोवरचे घर कोण चालवणार, हे पाटी लिहिण्याआधी घरात बोललेले बरे.