जुनी गाडी, नवा हप्ता

वस्तीत कुणी नवी गाडी घेतली की आम्हालाही आनंद होतो. कष्टाच्या पैशाचे ते फळ असते. पण घरची जुनी गाडी चालत असताना कर्ज काढणाऱ्यांना आम्ही सांगतो, आधी हिशेब मांडा.

पाच लाखांचे कर्ज, व्याज १० टक्के, मुदत ५ वर्षे. हप्ता सुमारे १०,६२४ रुपये. साठ हप्त्यांत ६ लाख ३७ हजार जातात. त्यातले १ लाख ३७ हजार नुसते व्याज! आणि पाचव्या वर्षी विम्याला गाडीची किंमत निम्मीच धरतात.

जुन्या गाडीलाही खर्च आहे. टायर, बॅटरी, क्लच कधी ना कधी निघणारच. त्यासाठी महिन्याला २ हजार बाजूला टाका. तरीही वर्षाला लाखावर रक्कम हातात राहते. मुलीच्या कॉलेजची फी त्यातून भरता येते. शिवाय दुरुस्ती एखादा महिना पुढे ढकलता येते. हप्ता आजारपणातही थांबत नाही.

मात्र ब्रेकच्या कामात चालढकल नको. सांगाडा गंजला असेल तर मोह सोडा. पंधरा वर्षे झाल्यावर खाजगी गाडीची आर.टी.ओ.त तपासणी होऊन नोंदणी ५ वर्षांसाठी वाढते. तिची फी आणि पर्यावरण कर हिशेबात धरा. विमा, पी.यू.सी. चुकवू नका.

आणि कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी घरातल्या बाईला विचारा. महिनाअखेरची ओढाताण तिलाच निभवायची असते.